एक पुस्तक, पाच दिवस: बालवाडीत गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवण्याची रीत

बहुतेक अंगणवाड्यांत आणि बालवाड्यांत आज गोष्टीची थोडीफार पुस्तके असतात. पण ती कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. मुले फाडतील ही धास्ती त्यामागचे एक कारण. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. ज्यांना अजून एक अक्षर येत नाही त्यांच्या हाती पुस्तक देऊन काय साधणार, असे ताईंना, पालकांना आणि पुष्कळदा पर्यवेक्षकांनाही मनापासून वाटत असते. त्यामुळे आधी मुळाक्षरे, मग बाराखडी, मग शब्द आणि पहिली-दुसरीत जमलेच तर गोष्ट, असा क्रम पडून जातो. मला हा क्रम पूर्णपणे उलटा वाटतो. तीन ते सहा या वयातल्या मुलाला सर्वांत आधी गोष्टीचे पुस्तक भेटले पाहिजे, आणि एकच चांगले पुस्तक पुन्हा पुन्हा भेटले पाहिजे. आठवड्याला एक पुस्तक घेऊन ते पाच दिवस कसे वाचावे, त्याची रीत येथे सविस्तर दिली आहे.

गोष्टीला वर्गात मानाचे स्थान देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी गोष्ट सांगणे हा दिनक्रमाचाच भाग केला. तेथे काम करून आलेल्या ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये त्यांच्यासह नूतन बालशिक्षण संघ स्थापला आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले आणि अनुताई वाघ यांनी ते आयुष्यभर चालवले. बडबडगीते, अभिनयगीते आणि तोंडी गोष्टी यांचा जो समृद्ध वारसा मराठी बालशिक्षणाला लाभला, त्यात या मंडळींचा वाटा फार मोठा आहे. या वारशात छापील चित्रपुस्तकाची बाजू मात्र लंगडी राहिली. लहानांसाठीची चांगली पुस्तके थोडी होती आणि जी होती ती अनेक वर्गांना परवडत नव्हती. आता ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका अशा प्रकाशकांकडे मराठी चित्रपुस्तके मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची पुस्तके तर मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कोणालाही विनामूल्य वाचता येतात आणि छापूनही घेता येतात.

पुस्तक निवडताना

निवडीची पहिली कसोटी अशी की पुस्तक ताईने स्वतः दोनदा मोठ्याने वाचून पाहावे. जे वाक्य मोठ्यांच्याच जिभेवर अडखळते ते मुलांच्या कानाला कधीच रुचत नाही. घाईने केलेल्या अनुवादात असे दगड जागोजागी असतात, आणि यमक जुळवण्यासाठी ओढूनताणून बसवलेल्या कवितांतही असतात. एका पानावर एक ते तीन ओळी पुरेत. चित्र एवढे मोठे असावे की मागच्या ओळीत बसलेल्या मुलालाही त्यातले पात्र ओळखू यावे. पुस्तक समोर उभे करून चार पावले मागे जाऊन पाहिले की हे लगेच कळते. चित्राने मजकुरापेक्षा काहीतरी अधिक सांगितले पाहिजे. मजकूर म्हणतो ‘राजू झोपला’ आणि चित्रातही झोपलेला राजूच आहे, तर त्या पानावर बोलण्यासारखे काही उरत नाही; पण खाटेखाली मांजर चपला पळवताना दिसत असेल, तर ते पान दहा मिनिटे पुरते.

शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेली पुस्तके या वयासाठी घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘म्हणून आपण नेहमी खरे बोलावे’ असे वाचले की मुलांचे बोलणे तेथेच थांबते, कारण गोष्टीवर विचार करण्याचे काम पुस्तकानेच उरकून टाकलेले असते. फळे, भाज्या, वाहने यांच्या चित्रांची नावे देणारी पुस्तके वर्गात जरूर असावीत. मात्र ती गोष्टीच्या पुस्तकाची जागा घेऊ शकत नाहीत, कारण त्यात ‘पुढे काय झाले’ हा प्रश्नच उद्भवत नाही.

वाचनाआधीची तयारी

वेळ ठरलेली असावी आणि ती आहाराच्या लगेच आधीची नसावी, कारण भुकेल्या मुलाचे लक्ष खिचडीच्या वासाकडे असते. परिपाठ आणि गाणी झाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे बहुतेक वर्गांना सोयीची पडतात. मुलांना सतरंजीवर अर्धगोलात बसवावे आणि ताईने पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावे, म्हणजे पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या रेषेत येते. खिडकीकडे पाठ करून बसू नये. उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि पान काळवंडते. पुस्तक खांद्याशेजारी, मुलांकडे तोंड करून धरावे आणि मजकूर कडेने वाचावा. आधी स्वतः वाचून मग पान फिरवून दाखवण्याची सवय अनेकांना असते. त्यात चित्र आणि शब्द यांची ताटातूट होते आणि पान आपल्यासमोर येईपर्यंत मागच्या मुलांची चुळबुळ सुरू होते. कडेने वाचायला सुरुवातीला अवघड जाते, पण घरी आरशासमोर थोडा सराव केला की जमते.

पटावर पंचवीस-तीस मुले असतील तर सर्वांना एकदम बसवू नये. दहा-बारा मुलांचा गट ताईने घ्यावा, उरलेल्यांना मदतनीस ताईंनी ठोकळे, माती किंवा मणी ओवणे यांत गुंतवावे आणि मग गट बदलावेत. मदतनीस नसेल अशा वर्गात सर्वांना एकत्र बसवण्यावाचून इलाज नसतो; तेव्हा पुढे सांगितलेले मोठे पुस्तक कामी येते.

पहिला दिवस

पहिल्या दिवशी मुखपृष्ठ दाखवावे, नाव वाचावे, लेखकाचे आणि चित्रकाराचे नाव सांगावे. पुस्तक कोणीतरी लिहिते आणि चित्रे कोणीतरी काढते, ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला ठाऊक नसते आणि कळली की त्याला ती फार मोलाची वाटते. गोष्ट कशाबद्दल असेल असे विचारून दोन-चार अंदाज ऐकून घ्यावेत. त्यांतला कोणताही चूक ठरवू नये.

त्यानंतर गोष्ट सलग वाचावी. मध्ये प्रश्न नकोत, शब्दांचे अर्थ नकोत, ‘नीट बस’ देखील शक्यतो नको. पहिल्या वाचनात मुलाला गोष्टीचा ओघ मिळाला पाहिजे. प्रत्येक पानावर थांबून ‘हे काय आहे?’ विचारत गेल्यास गोष्ट हरवते आणि चित्रांची परीक्षा उरते. एखादा अनोळखी शब्द आला तर त्याच वाक्याच्या ओघात, आवाजाने किंवा हाताच्या खुणेने, त्याचा अर्थ सुचवून पुढे जावे. छापील मजकूर जसाच्या तसा वाचावा. सोपे करून सांगण्याचा मोह होतो, पण पुस्तकातले वाक्य दर वेळी तेच राहते, हे मुलाला कळण्यासाठी आपणही ते दर वेळी तेच वाचावे लागते. शेवटचे पान संपल्यावर पुस्तक लगेच मिटू नये. थोडा वेळ थांबावे. पहिले वाक्य कोणा मुलाचे येते ते ऐकावे. पुढच्या दिवसाचे बोलणे बहुधा त्यातूनच सुरू करता येते.

दुसरा दिवस: चित्रांवरच्या गप्पा

हा दिवस सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक वर्गांत नेमका हाच वगळला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संवादी वाचनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पालकांना वाचनाची पद्धत थोडी बदलायला शिकवले होते: हो-नाहीत उत्तर संपणार नाही असे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालून ते परत म्हणायचे आणि हळूहळू बोलण्याची सूत्रे मुलाकडे द्यायची. ज्या मुलांशी असे वाचन झाले त्यांची बोलण्याची भाषा, नुसते वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा, थोड्याच आठवड्यांत पुढे गेली.

वर्गात हे कसे घडते ते एका पानावर पाहू. समजा, चित्रात धो धो पाऊस आहे, गोठ्याच्या दारात एक शेळी उभी आहे आणि आत आजी खाटेवर बसली आहे. ताई विचारतात, “इथं काय चाललंय?” एक मूल म्हणते, “शेळी.” ताई म्हणतात, “हो, शेळी. आणि ती अगदी ओलीचिंब झालीय. पण ती आत का जात नसेल?” येथे ताईंनी थांबायचे आहे. मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजावेत. पहिल्या दोन आकड्यांत नेहमीची बोलकी मुले उत्तर देतात, उरलेल्यांना विचार जुळवायला आणि शब्द शोधायला वेळ लागतो. कोणी म्हणेल, “आजी मारंल.” दुसरी मुलगी म्हणेल, “तिचं करडू बाहेर हाय.” मजकुरात करडाचा उल्लेखही नाही. ताईंनी ‘तसं काही लिहिलेलं नाही’ असे म्हणून तिला गप्प करू नये, “तुला कसं कळलं?” असे विचारावे. मुलगी उठून पानाच्या कोपऱ्यातल्या झुडपामागून डोकावणारे दोन इवले कान दाखवते, आणि साऱ्या वर्गाला ते तेव्हाच दिसतात. चित्रातला पुरावा शोधून त्यावरून अनुमान करणे हे वाचनच आहे. पुढे इयत्ता पाचवीत उतारा समजून घेताना याच कौशल्याची गरज पडते.

‘आजी मारंल’ हे उत्तर प्रमाण भाषेत नाही म्हणून दुरुस्त करू नये. “आजी मारेल असं तिला वाटतंय होय? का बरं मारेल?” एवढे म्हटले की मुलाला प्रमाण रूप ऐकायला मिळते आणि त्याचा मानही राहतो. सगळ्या पानांवर गप्पा मारण्याची आवश्यकता नाही. तीन-चार पाने आधी निवडून ठेवावीत, आणि प्रत्येक पानासाठी एकच चांगला प्रश्न पुस्तकाच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहून ठेवावा.

तिसरा दिवस: मुलांचा आवाज आणि ताईंचे बोट

तिसऱ्या वेळी मुलांना गोष्ट माहीत झालेली असते आणि ती पुढचे वाक्य आपण होऊन म्हणू लागतात. चिमणीच्या दारात पुन्हा पुन्हा येणारा कावळा किंवा भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेली म्हातारी या लोककथा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, त्यामागे त्यांतली फिरून येणारी वाक्ये आहेत. अशी वाक्ये असलेले पुस्तक असेल तर त्या जागी ताईंनी थांबावे आणि वाक्य मुलांना म्हणू द्यावे.

याच दिवशी वाचताना ओळीखालून बोट फिरवावे. मजकूर डावीकडून उजवीकडे जातो, ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचे असते, बोलण्याचे शब्द त्या काळ्या खुणांत असतात आणि चित्रात नसतात, हे सारे मुलांना न सांगता कळते. बोट मात्र पूर्ण शब्दाखालून अलगद सरकवावे, अक्षरागणिक ठोके देऊ नयेत. देवनागरीत याला खास कारण आहे. ‘दिवा’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘द’च्या आधी येते आणि उच्चारात ती नंतर ऐकू येते; अक्षराअक्षरावर बोट टेकवले तर डोळ्याला दिसणारा क्रम आणि कानाला ऐकू येणारा क्रम जुळत नाही आणि मूल गोंधळते.

मोठे पुस्तक करून घेण्याचा उपाय येथे सांगण्याजोगा आहे. न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी, घरात आईच्या मांडीवर बसून पुस्तक पाहणाऱ्या मुलाला जे मिळते ते पूर्ण वर्गाला कसे मिळेल याचा विचार करून, मोठ्या आकाराच्या पुस्तकाचे सामूहिक वाचन रूढ केले. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९७९ मध्ये आले. आपल्याकडे कार्डशीट, जाड स्केचपेन आणि सुतळी यांवर ते भागते. गोष्टीची आठ वाक्ये आठ कार्डशीटवर लांबून दिसतील अशा टपोऱ्या अक्षरांत लिहावीत, शब्दांमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडावी, चित्रे मुलांकडून काढून घेऊन चिकटवावीत आणि कडेला भोके पाडून बांधावे. मुलांनी चित्रे काढलेल्या अशा पुस्तकाची मागणी छापील पुस्तकाहूनही जास्त होते.

चौथा आणि पाचवा दिवस

चौथ्या दिवशी वाचन थोडक्यात उरकून गोष्ट खेळायला द्यावी. कोणी शेळी, कोणी आजी, चार मुले पाऊस. मुखवटे आणि पोशाख यांत वेळ घालवण्याचे कारण नाही, ओढणी पुरते. नंतर ज्याला जे आवडले त्याचे चित्र काढू द्यावे आणि मूल त्याबद्दल जे सांगेल ते ताईंनी त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहून, बोट फिरवत वाचून दाखवावे. ‘माझी शेळी बी अशीच भिजली’ असे मूल म्हणाले तर तसेच लिहावे. आपण बोललेले लिहिता येते आणि लिहिलेले पुन्हा बोलता येते, हा शोध मुलाला तेथे लागतो.

पाचव्या दिवशी पुस्तक मुलांच्या हाती. दोघे-तिघे मिळून ते ‘वाचतात’: पान उलटतात, चित्र पाहतात आणि ताईंच्या सुरात आठवलेली वाक्ये म्हणतात. याला पाठांतर म्हणून हिणवू नये. पुस्तक सुलट धरणे, मुखपृष्ठापासून सुरू करणे, पानागणिक वाक्य जुळवणे आणि पुस्तकी भाषेत बोलणे एवढी कामे ते मूल एकाच वेळी करत असते, आणि उद्याचा वाचक याच खेळातून घडतो.

घरची भाषा वेगळी असेल तेव्हा

मेळघाटात कोरकू, डहाणू-तलासरीत वारली, नंदुरबारच्या डोंगरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांसाठी पुस्तकातली मराठी ही दुसरीच भाषा असते. तेथे पहिल्या दिवशी पुस्तकातला मजकूर वाचू नये: गोष्ट मुलांच्या भाषेत, चित्रे दाखवत सांगावी. ताईंना ती भाषा येत नसेल तर मदतनीस ताई बहुधा त्याच पाड्यावरच्या असतात. गोष्ट सांगण्याचे काम मानाने त्यांच्याकडे सोपवावे आणि ताईंनी मुलांबरोबर ऐकायला बसावे. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकातली मराठी वाक्ये वाचावीत, गप्पा मात्र ज्या भाषेत होतील त्या भाषेत होऊ द्याव्यात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयात घरच्या भाषेवर भर दिलेला आहे, त्यामुळे वरून आक्षेप आल्यास उत्तर हाताशी आहे. मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांतही हीच गरज असते. ती उघडपणे मान्य केली जात नाही, एवढाच फरक.

अक्षरांचे काय

पालक हा प्रश्न विचारणारच आणि तो रास्त आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात समजून वाचण्याचे उद्दिष्ट इयत्ता तिसरीच्या अखेरीस गाठायचे आहे. चौथ्या वर्षी पाटीवर ‘क’ शंभरदा गिरवण्याची सक्ती त्यात कोठेही नाही. अक्षरांची ओळख गोष्टीच्या मागोमाग येऊ द्यावी. मुलाच्या नावाची पट्टी, गोष्टीतल्या पात्राच्या नावाची पट्टी, दोन्हींत सारखे अक्षर कोणते हा खेळ, इतकी सुरुवात पुरेशी असते.

त्याआधी कान तयार करावा लागतो आणि त्यासाठी टाळ्यांचा खेळ चांगला. शब्दाचे तुकडे करत प्रत्येक तुकड्याला एक टाळी. शब्द निवडताना सांभाळावे: शेळी, गाडी, बाहुली, बटाटा हे शब्द जसे लिहिले जातात तसेच तुटतात, पण ‘भोपळा’ लिहिताना तीन अक्षरे असली तरी तोंडात दोनच टाळ्या पडतात आणि ‘घर’ला एकच. पहिल्या प्रकारचे शब्द आधी घ्यावेत. ‘भोपळा’ला मुलाने दोन टाळ्या दिल्या तर त्याचे बरोबर आहे, त्याने आपले ऐकले आहे.

पालकसभेत भाषण करण्याऐवजी एक पुस्तक वाचावे आणि मुलांना त्यावर बोलू द्यावे. आपले मूल एवढे बोलते हे अनेक पालक तेथेच पहिल्यांदा पाहतात.

पुस्तके मुलांच्या हाती ठेवण्यासाठी

भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर दोन दोऱ्या बांधाव्यात आणि पुस्तके मधल्या पानावर उघडून, मुखपृष्ठ बाहेर राहील अशी अडकवावीत. कण्याकडून रचलेली पुस्तके या वयाची मुले निवडू शकत नाहीत, कारण त्यांना नाव वाचता येत नाही. ती चित्रावरूनच पुस्तक ओळखतात. एका वेळी दहा-बारा पुस्तके पुरेत, आणि आठवड्याचे पुस्तक संपले की तेही तेथेच लावावे, कारण त्याची खरी मागणी आता सुरू होते.

पुस्तके फाटतील. पहिल्या महिन्यात जास्त फाटतील. पान कोपऱ्याला धरून उलटायचे हे दाखवावे, आणि फाटलेले पुस्तक ‘दवाखान्या’च्या खोक्यात टाकून शनिवारी ज्याने फाडले त्याच्याच मदतीने, न रागावता, चिकटपट्टी लावून दुरुस्त करावे. शुक्रवारी कापडी पिशवीतून एकेक पुस्तक घरी द्यावे. नोंद ठेवायला प्रत्येक मुलाच्या नावासमोर पुस्तकाचा क्रमांक लिहिलेली वही पुरते. आई-वडिलांना वाचता येत नसेल तरी पुस्तक द्यावे. त्यांना एवढेच सांगावे की मुलाला मांडीवर घ्या, पाने उलटा आणि गोष्ट त्याला सांगू द्या. पुस्तक परत आले की सोमवारी मुलाला विचारावे, घरी कोणी कोणी ऐकले आणि कोणते पान पुन्हा पाहिले. त्या उत्तरांवरून पुढच्या महिन्याची पुस्तके निवडावीत.